शाळेत काही घडलं तर कळवायचं कुणी? पोक्सो, सखी सावित्री समिती आणि आपला बीड जिल्हा

(हा ऑडिओ भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जड आहे, म्हणून आधीच सांगतो, लहान मुलं सोबत असतील तर आधी एकट्यानं ऐका किंवा वाचा. नंतर त्यांच्याशी बोलाच.

सुरुवात माझ्याच शाळेपासून करतो. मी दहावीला होतो, २०१२-१३ चं वर्ष. आमच्या शाळेत एक सर होते. मुली त्यांच्याकडे वही तपासून घ्यायला कधीच एकट्या जायच्या नाहीत. दोघी दोघी, तिघी तिघी जायच्या. आम्हा पोरांना ते माहीत होतं. आम्ही त्यावर हसायचो, हे आज सांगताना लाज वाटते. बाकी शिक्षकांना किती माहीत होतं ते मी सांगू शकत नाही, पण स्टाफरूम आमच्या वर्गापासून दहा पावलांवर होती. कुणी कुठं काही बोललं नाही. पुढं सर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. त्याच वर्षी, १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, देशात एक कायदा लागू झाला होता. त्या कायद्यानुसार, असं काही होत असल्याचं ज्याला माहीत आहे त्यानं पोलिसांना कळवायलाच हवं होतं. आमच्या शाळेत तो कायदा कुणी ऐकलाही नसेल.

त्या कायद्याचं नाव ‘बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२’. आपण त्याला पोक्सो म्हणतो. मी वकील नाही, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण कायद्याचा मजकूर बसून वाचला आणि एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. आपण सगळे समजतो की तक्रार करण्याची हिंमत मुलीनं दाखवायची, नाहीतर तिच्या आई-बापानं. कायदा तसं म्हणत नाही. ज्या मोठ्या माणसाला कळलं, त्याच्यावर कायदा जबाबदारी टाकतो. आजचा सगळा भाग या एका गोष्टीवर आहे.

कायदा कुणासाठी, आणि कशासाठी

अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती या कायद्यानं बालक आहे. मुलगीही आणि मुलगाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मुलग्यांच्या बाबतीत आपण ‘पोरगा आहे, काय होतंय त्याला’ म्हणून विषय संपवतो.

गुन्हा म्हणजे फक्त बलात्कार नाही. लैंगिक हेतूनं अंगाला हात लावणं हा गुन्हा आहे. हात न लावता अश्लील बोलणं, खुणा करणं, मोबाईलवर घाणेरडे फोटो दाखवणं, पाठलाग करणं, हाही लैंगिक छळ आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कपड्यांवरून स्पर्श केला तर तो पोक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दिला होता. तुम्हाला आठवत असेल, खूप गदारोळ झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ ला तो रद्द केला. महत्त्व हेतूला आहे, मध्ये कापड होतं की नव्हतं याला नाही.

गुन्हा करणारा शाळेचा माणूस असेल, तर कायदा आणखी कडक होतो. शिक्षक, शिपाई, क्लार्क, संस्थाचालक, कुणीही असो. अशा अंगचटीला साध्या लैंगिक हल्ल्याची तीन ते पाच वर्षं नाही, तर पाच ते सात वर्षं शिक्षा आहे. अत्याचार बलात्काराच्या स्वरूपाचा असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी वीस वर्षं, पुढं मरेपर्यंत जन्मठेप आणि फाशीपर्यंत. कारण सरळ आहे. आपण लेकरू ज्याच्या भरवशावर सोडतो, त्यानंच घात केला तर तो जास्त मोठा गुन्हा.

कलम १९: कळलं की कळवायचं

आता मुख्य कलमाकडं येऊ. कलम १९ म्हणतं, असा गुन्हा घडल्याचं ज्या कोणाला माहीत आहे, किंवा घडेल अशी भीती वाटते, त्यानं ती माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची. ‘ज्या कोणाला’ यात सगळे आले. वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक, वसतिगृहाची अधीक्षक, रिक्षावाले काका, डॉक्टर, शेजारीण. पुरावा गोळा करा, खात्री करा, मग या, असं कायदा सांगत नाही. पालकांची परवानगी आणा, असंही नाही.

कळवलं नाही तर कलम २१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी माहिती नोंदवून घेतली नाही तर त्यांनाही हेच कलम लागतं. स्वतः बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल कधीच शिक्षा नाही.

हे कलम नुसतं कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका शाळेच्या मुलींच्या वसतिगृहातलं प्रकरण घ्या. तिथल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते, पीडित मुलींची संख्या सतरा होती. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार कळला होता, पण त्यानं पोलिसांना कळवलं नाही, असा पोलिसांचा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल फिरला. न्यायालयाच्या सांगण्याचा सारांश असा, की वेळेवर माहिती देणं हा या कायद्याचा पाया आहे, आणि माहीत असून गप्प बसणं हा गंभीर गुन्हा आहे. गप्प बसल्यामुळं गुन्हेगाराला वेळ मिळतो आणि वैद्यकीय पुरावा हातचा जातो.

‘आधी आमची समिती चौकशी करेल’

शाळांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून जरा थांबू.

दोन वेगळे कायदे आहेत. एक आपण पाहिला तो पोक्सो, मुलांसाठी. दुसरा २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. शाळेतल्या शिक्षिका, मदतनीस बाई, क्लार्क यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान शाळा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. या कायद्यात समिती चौकशी करते, दोन्ही बाजू ऐकते, अहवाल देते.

आता होतं काय, तर हीच सवय मुलांच्या प्रकरणात वापरली जाते. पालक शाळेत येतात, मुख्याध्यापक म्हणतात, ‘आम्ही समिती नेमतो, आठ दिवसांत अहवाल येईल.’ बालकाच्या बाबतीत शाळेला हे आठ दिवस वापरायचा अधिकारच नाही. कळलं, की पोलीस. शाळेनं आपली शिस्तभंगाची कारवाई जरूर करावी, पण कळवल्यावर. कळवण्याऐवजी नाही.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. एका शाळेत जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि १ ऑगस्टलाच कामाला लागला होता. आई-वडील पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसून राहिले, तेव्हा कुठं १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला. २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मग तीन पोलीस निलंबित झाले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि शाळेच्या व्यवस्थापनावरही माहिती न कळवल्याबद्दल पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. लोकांचा सगळा राग आरोपीवर होता आणि तो पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीनं मेला. पण त्या मधल्या दिवसांत ज्यांना कळलं होतं त्यांनी काय केलं, हा प्रश्न गोळीनं सुटत नाही.

नियम आधीपासून होते

बदलापूरनंतर लगेच, २१ ऑगस्ट २०२४ ला, शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला. एका महिन्यात सीसीटीव्ही बसवा, आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, घटना कळल्यापासून चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. मे २०२५ मध्ये आणखी एक सविस्तर शासन निर्णय निघाला.

चांगलंच आहे. पण यातलं नवं किती? कर्मचाऱ्यांची पडताळणी पोक्सोच्या २०२० च्या नियमांतच आहे, कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की झाडणारा. तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा. सखी सावित्री समितीचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा. शाळा, केंद्र आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर ही समिती असायला हवी. म्हणजे बदलापूरच्या दिवशी नियम कमी नव्हते.

कॅमेऱ्याबद्दल माझ्या कामातलं सांगतो. आमच्या सिस्टीमची प्रत्येक हालचाल नोंदवली जाते, लाखो ओळी असतात. पण त्या ओळी रोज कुणीतरी बघायला नेमलेलं नसेल, तर त्या फक्त नंतर रडायच्या कामाच्या. सीसीटीव्हीचं तसंच आहे. आणि स्वच्छतागृहात किंवा अंधाऱ्या जिन्यात काय चाललंय, ते कॅमेऱ्याआधी मदतनीस मावशींना कळतं. त्यांना कुणी प्रशिक्षणाला बोलावलंय का?

बीड: क्लास, वसतिगृह आणि उसाचा फड

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. जून २०२५ मध्ये बीड शहरातल्या एका खासगी कोचिंग क्लासच्या दोन शिक्षकांवर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा पोक्सोखाली नोंदवला गेला. आरोप असा होता, की हा त्रास काही महिने चालू होता. पुढं विशेष तपास पथक नेमलं गेलं. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. आपल्याला विचारायचाय तो प्रश्न वेगळा आहे. आपली अकरावी-बारावीची पोरं शाळा-कॉलेजपेक्षा जास्त वेळ क्लासमध्ये असतात, मग तिथं यातलं काय लागू होतं?

सखी सावित्री समितीचे वगैरे निर्णय शाळांसाठी लिहिलेले आहेत. पोक्सो मात्र क्लासलाही पूर्ण लागू आहे. क्लास ही ‘शैक्षणिक संस्था’ आहे का, यावर वकील वाद घालतील तर घालू द्या. कायद्यात दुसरंही पोटकलम आहे, बालकाच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसानं केलेला गुन्हा, मग तो कुठंही घडो. शिक्षा तितकीच कडक. आणि २०२० चे नियम पडताळणीबद्दल बोलताना शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी यांच्यासोबत मुलांसाठीची इतर कुठलीही सुविधा असं म्हणतात. त्यामुळं क्लासमालकाला ‘आम्हाला कुठलाच नियम नाही’ म्हणायची सोय नाही. फी भरताना निकालाचे फ्लेक्स बघतो, तेव्हा पडताळणीची कागदपत्रंही मागा.

दुसरी गोष्ट फक्त बीडवाल्याला लगेच कळेल. दिवाळीच्या आसपास गाड्या भरून माणसं ऊसतोडीला निघतात, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं, काही थेट कर्नाटकात. परत येतात ते उन्हाळा लागताना. लेकरं आजीजवळ, नाहीतर वसतिगृहात. समजा डिसेंबरात गावाकडं पोरीसोबत काही घडलं. आई फडात, तीनशे किलोमीटरवर. मुकादमाची उचल अंगावर, मध्येच निघून येणं सोपं नाही. अशा पोरीसाठी ‘पालकांनी तक्रार करावी’ हे वाक्य पोकळ आहे. तिथं कलम १९ कामाला येतं. आजीनं सांगावं, बाईंनी सांगावं, आशाताईंनी सांगावं. आई-बाप येईपर्यंत थांबायची गरज नाही.

आणि आईला फोनवर कळलं तर? ती जिथं आहे तिथल्या पोलीस ठाण्यात जाऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची आणि नंतर योग्य ठाण्याकडं पाठवायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ‘तुमच्या बीडला जा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

तुम्ही विचारलेले प्रश्न

*‘गावात बैठक बसली आणि मिटलं, तर?’*

मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनी समझोता लिहून दिला आणि तिथल्या उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. गावातले लोक, जे त्या घरातले नव्हते, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं तो गुन्हा पुन्हा जिवंत केला. असा गुन्हा दोन घरांतलं भांडण नाही, समझोत्यानं तो पुसता येत नाही. बैठकीला बसणाऱ्या प्रतिष्ठितांनी लक्षात ठेवावं, त्यांनाही माहिती कळलेलीच असते.

*‘आमची माहिती चुकीची निघाली तर आम्हीच अडकू ना?’*

नाही. सद्भावनेनं माहिती दिली असेल तर कलम १९ मध्येच संरक्षण आहे, दिवाणी नाही आणि फौजदारीही नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, सूड म्हणून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला. शिक्षकांची ही भीती मला समजते, नाव एकदा खराब झालं की धुऊन निघत नाही. पण त्यावर उपाय नीट तपास हा आहे, आणि तो पोलिसांनी करायचा असतो.

*‘पोरीचं नाव बाहेर आलं तर?’*

तिचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरच्यांची माहिती, ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देणं गुन्हा आहे. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची, आई किंवा विश्वासातलं माणूस समोर असताना. कोर्टात सुनावणी बंद दाराआड, आरोपी तिला दिसणार नाही अशी व्यवस्था. खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे आपण सगळे जाणतो. म्हणून सोबतीला सहाय्यक व्यक्ती मिळते, ती बालकल्याण समितीकडून मागून घ्या. मोफत वकील आणि मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा.

*‘मूल सांगायला आलं तर नेमकं करायचं काय?’*

ऐकायचं. ‘तू तिथं गेलीसच का’ हा प्रश्न गिळायचा. ‘तू सांगितलंस ते चांगलं केलंस’ एवढं म्हणायचं. पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर उभं करायचं नाही. तिचे शब्द, तारीख, वेळ लिहून ठेवायची. घटना ताजी असेल तर कपडे धुवायचे नाहीत. मग ११२ किंवा चाईल्ड हेल्पलाईन १०९८, नाहीतर थेट ठाणं. ठाण्यात माहिती लिहून घेऊन तिला नोंद क्रमांक द्यायचा आणि ती तुम्हाला वाचून दाखवायची, हे कायद्यात आहे. तो क्रमांक मागून घ्या. घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. दवाखान्यासाठी एफआयआरची वाट बघायची नाही. बीडचं जिल्हा रुग्णालय असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो, की खासगी दवाखाना, उपचार लगेच आणि मोफत द्यायचे आहेत.

जाता जाता

पुढच्या पालकसभेला गेलात की तीन गोष्टी विचारा. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे आणि मागची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कोण उघडतं, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच हातात किल्ली नाही ना? कंत्राटी माणसांसह सगळ्यांची पडताळणी झाली का, कागद दाखवा. मुख्याध्यापक चिडले तर चिडू द्या. जे खरंच काम करतात त्यांना हे प्रश्न आवडतात, असा माझा अनुभव आहे.

हा भाग करायच्या आधी मी माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन केला. त्या सरांबद्दल विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आम्हाला वाटायचं तुम्हाला कुणालाच माहीत नाही.’

मला काय उत्तर द्यावं कळेना. आम्हाला माहीत होतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हा भाग तुमच्या शाळेच्या ग्रुपवर नक्की टाका.